सावलीच्या टोकावरचं चाक

रोज दुपारी बारा वाजून गेले की अयूबभाई डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवायचे, हातातलं दुरुस्तीचं घड्याळ रुमालावर उपडं ठेवायचे आणि दुकानाच्या मागच्या दाराने अंगणात जायचे. तिथे सिमेंट भरलेल्या तेलाच्या जुन्या डब्यात एक लोखंडी सळई उभी होती. ते तिच्यापाशी उकिडवे बसायचे. सळईची सावली आखडत आखडत यायची आणि मग अशी एक वेळ यायची, की ती ना आखडायची ना वाढायची. जणू चालता चालता तिला काहीतरी आठवलं आहे. नेमक्या त्या वेळी अयूबभाई तिच्या टोकावर एक पितळी चाक ठेवायचे. मोडक्या गजराच्या घड्याळातलं, चिंचोक्याएवढं. दुसऱ्या दिवशी तेच चाक उचलून पुन्हा सावलीच्या नव्या टोकावर. मग हात धुऊन ते जोहरच्या नमाजाला निघायचे.

चाक रोज केसभर हलायचं. डिसेंबरात ते उत्तरेच्या भिंतीकडे लांब गेलेलं असायचं. तिथून वळायचं, होळीच्या आसपास अर्ध्या वाटेवर यायचं आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सळईच्या बुडाला टेकायचं. त्या दुपारी डोक्यावर ऊन असायचं, सळई असायची आणि सावली मात्र कुठेच नसायची. पुढचे दोन महिने चाक सळईच्या दुसऱ्या अंगाला फिरून यायचं आणि जुलैत पुन्हा एकदा बुडाशी. या दोन्ही दिवशी अयूबभाई दुकान बंद ठेवून गल्लीतल्या लोकांना गुलाबाचं सरबत पाजायचे. जुलैतला दिवस बहुतेक ढगातच जायचा, तरी सरबत चुकायचं नाही. सिंदेवाहीच्या त्या गल्लीत ‘बिनसावलीचा दिवस’ म्हटलं की सगळ्यांना कळायचं.

त्यांच्या लेकीला, रुबीनाला, लहानपणी वाटायचं की सगळ्यांच्याच घरी असं एक चाक असतं. मैत्रिणीच्या अंगणात ते दिसलं नाही तेव्हा तिला त्या घराची कीव आली होती.

सळई मुळात अयूबभाईंच्या वडिलांची. मशिदीचं घड्याळ लावायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि ते सळईच्या सावलीवरून काटे मिळवायचे. घडीले वेळ माहीत नसते, तिले सांगा लागते, असं ते म्हणायचे. पुढे सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले, नमाजाच्या वेळा फोनवर वाजू लागल्या, दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या घड्या पंधरवड्याला दोन-चारवर आल्या. अयूबभाईंनी सळई काढली नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "चाक मधातच सोडून कसं जमन? अर्ध्या रस्त्यात आहे ते."

रुबीना मोठी झाली, पोंभुर्ण्याच्या एका शाळेत शास्त्र शिकवू लागली. शनिवारी दुपारच्या बसने ती घरी यायची. घरात सगळे हिंदी बोलत, पण शास्त्राच्या गोष्टी रुबीनाच्या तोंडी मराठीतच यायच्या, कारण वर्गात ती त्या मराठीतच सांगायची. अयूबभाईही मग मराठीतच उत्तर द्यायचे, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं, थोडं सावरून.

अशाच एका शनिवारी दुकानात गुणवंतराव बसले होते. सात-आठ किलोमीटरवरच्या खेड्यातले धानाचे शेतकरी, अयूबभाईंचे शाळेपासूनचे दोस्त. भिंतीवरचं घड्याळ बिघडलं म्हणून आले होते, पण ते घड्याळ वर्षातून चारदा बिघडायचं आणि दरवेळी त्यात काही निघायचं नाही.

रुबीना म्हणाली, "अब्बा, तुमच्या सळईसारखी एक काठी अडीच हजार वर्षांपूर्वी पण होती. समुद्रकाठच्या एका ग्रीक गावात थेलीस नावाचा माणूस होता. तो म्हणाला, काठीची सावली ज्या वेळी काठीएवढी होते, त्या वेळी प्रत्येक उभ्या वस्तूची सावली त्या वस्तूएवढीच असणार. मग म्हणतात, त्याने इजिप्तच्या पिरॅमिडची उंची तशी मोजली. वर न चढता."

अयूबभाई विचारात पडले. मग म्हणाले, "त्याचं दुकान कशाचं होतं?"

"दुकान नव्हतं. एकदा गावातले सगळे तेलाचे घाणे मात्र भाड्याने घेतले होते म्हणतात."

"मंग दुकानदारच झाला थो," गुणवंतराव म्हणाले.

"आणि तो म्हणायचा, सगळं जग पाण्यापासून झालं."

"हे धानवाल्याले सांगाले तेवढ्या दुरून माणूस कायले पाहिजे? आमच्या बांधीत येऊन पाह्य म्हणाव रोवणीच्या टाइमाले."

रुबीना हसली. मग तिने थेलीसच्या पुढच्या माणसांचं सांगितलं. पृथ्वी कशावरही टेकलेली नाही, ती मधोमध आहे म्हणून कुठेच पडत नाही, असं एक जण म्हणाला होता. ढगात वारा कोंडतो आणि ढग फाडून बाहेर येतो, तोच गडगडाट, असंही त्याचं म्हणणं होतं.

"हे चुकलंच नं त्याचं?" अयूबभाईंनी विचारलं.

"चुकलं. पण त्याच्या आधी लोक म्हणायचे, वर कोणीतरी रागावलं म्हणून गडगडते. हा वारा म्हणाला. कोणाचा राग तपासता येत नाही, अब्बा. वारा तपासता येतो. म्हणून तर तो चुकला हे नंतर कोणालातरी सांगता आलं."

अयूबभाईंनी भिंग डोळ्याला लावलं, पण घडी उचलली नाही. रिकाम्या रुमालाकडे ते तसेच भिंगातून पाहत बसले. गुणवंतरावांनी रुबीनाला खुणेने विचारलं, काय झालं? तिने मान हलवली. तिला ते ओळखीचं होतं. अब्बा कुठेतरी गेले होते, आणि वाट आठवली की परत येणार होते.

त्या शनिवारनंतरच्या एप्रिलची गोष्ट. गुणवंतरावांच्या घरासमोर, अंगणाच्या पश्चिम टोकाला, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावर एक मोहाचं झाड आहे. त्या वर्षी वावटळीत त्याची एक फांदी मोडून पडवीच्या कवेलूंवर पडली. गुणवंतरावांचा मुलगा गोपाल तेव्हापासून झाड पाडायचं म्हणत होता. त्याचं लेकरू त्याच पडवीत झोळीत झोपायचं. त्याची आई सुगंधाबाई नाही म्हणत होती. तिच्या सासूने राखलेलं झाड, तिच्या सासूसोबत तिने पहाटे वेचलेली फुलं. नवी नवरी म्हणून आली तेव्हा या घरात तिच्याशी बोलायला कोणी नव्हतं आणि त्या झाडाखाली बसून ती एकटीच गाणी म्हणायची, हे तिने फक्त खुर्शीदाला, रुबीनाच्या आईला, सांगितलं होतं. घरात दोघं मायलेक एकमेकांशी बोलेनासे झाले. शेवटी गुणवंतराव म्हणाले, "अयूबले बोलवा. झाड घरापर्यंत पोचत असन तर पाडू. नसन पोचत तर राहू द्या. दोघंबी कबूल?" दोघंही कबूल झाले.

रविवार होता, म्हणून रुबीनाही बापासोबत गेली.

गोपालने झाडावर चढून शेंड्याला आपला लाल दुपट्टा बांधला, सावलीत शेंडा ओळखू यावा म्हणून. अंगणाच्या एका बाजूला खळं होतं. धान चुरायला आणि उफणायला गोपालने ते दोरी धरून, चोपून, शेणाने सारवून केलेलं. तळहातासारखं साफ. अयूबभाई ते पाहून खूश झाले. "यापेक्षा चांगली जागा कुठी भेटन?" म्हणत त्यांनी खळ्यावर काठी उभी केली, ओळंब्याने सरळ केली, काठीएवढ्या अंतरावर कोळशाची रेघ ओढली आणि सगळे वाट पाहू लागले.

ती दुपार रुबीनाच्या मनात अजून तशीच आहे. साडेतीनच्या आसपासचं ऊन, बोडीच्या आटलेल्या पाण्यावर एक बगळा, मोहाची कोवळी तांबूस पालवी, आणि अंगणातून घराकडे इतकी हळू सरकणारी सावली, की पाहताना ती थांबलेली वाटायची आणि पापणी लवली की पुढे गेलेली असायची. तिच्या टोकाला दुपट्ट्याची सावली जमिनीवर फडफडत होती, एखादं पाखरू उतरायला जागा शोधतं तशी. सुगंधाबाईने मध्येच चहा दिला, कप विसळले, पाणी दारातूनच अंगणात भिरकावलं आणि परत उंबऱ्यावर येऊन बसली.

"झाली," अयूबभाई म्हणाले. खळ्यावर काठीची सावली रेघेला टेकली होती.

सगळ्यांनी अंगणाकडे पाहिलं. दुपट्ट्याची सावली भिंतीच्या अलीकडे थांबली होती. गोपालने टेप लावला. चार फूट.

"नाई पोचत," गुणवंतराव म्हणाले.

सुगंधाबाई आत गेली आणि मोहाच्या फुलांचे लाडू एका डब्यात भरून खुर्शीदासाठी घेऊन आली. तिचा पदर ओला होता. गोपाल झाडाकडे पाहत म्हणाला, "ठीक आहे चाचा. तुमच्या काठीनं म्हटलं तर ठीक आहे."

सांजच्या जेवणाला खुर्शीदाने पातळ वरण केलं होतं. अयूबभाईंच्या ताटाखाली फरशीचा एक कोपरा उचललेला होता. वरण ताटाच्या एका कडेला जाऊन साचलं. अयूबभाईंनी घास घेतला नाही. ते ताटाकडे पाहत राहिले.

"अब्बा, जेवा नं."

"ते पाणी कुठी गेलं होतं?"

"कोणतं?"

"सुगंधाबाईनं कप धुतले नं. ते पाणी फेकलं. ते कुठी गेलं?"

रुबीनाला आठवलं. पाण्याचा एक बारीक ओघळ उंबऱ्यापासून निघाला होता आणि अंगण ओलांडून, वळसे घेत, मोहाच्या मुळाशी जाऊन जिरला होता. तिला ते तेव्हा सुंदर वाटलं होतं, इतकंच.

"घर उंचावर आहे," अयूबभाई म्हणाले. "झाड खाली, बोडीपाशी. अंगण नजरेले सपाट दिसते, पण चढाचं आहे. सावली चढावर पडली. चढावर सावली आखूड पडते, रुबीना. आणि काठी आपण रोवली खळ्यावर. खळं सपाट."

रुबीनाचा हात ताटात थांबला. तिने हे फळ्यावर काढून शिकवलं होतं. दोन्ही सावल्या एकाच जमिनीवर पडल्या पाहिजेत, हे वाक्यही तिने कधीतरी म्हटलं असेल. चांगली जागा दिसली म्हणून दोघंही भुलले होते. तिने मनातच हिशेब केला. दहा फुटाला एक फूट चढ असला, तरी ते चार फूट उरत नव्हते.

"फुटाभराचा सवाल आहे, अब्बा," ती म्हणाली. "मायलेक बोलायले लागले एकमेकांशी. झाड इतकी वर्षं उभं आहे. राहू द्या नं. कोणाले कळते?"

"मले कळलं नं."

खुर्शीदा म्हणाली, "बिचारीचं झाड जाईल. तुमच्या बोलण्यावर गेलं म्हणेल जन्मभर."

अयूबभाई लेकीकडे पाहून म्हणाले, "तो ढगवाला माणूस आठवते? वारा म्हणाला होता तो. तू म्हटलं, चुकला हे कोणालातरी सांगता आलं, म्हणून तो चांगला." त्यांनी ताट थोडं फिरवलं, वरण दुसऱ्या कडेला गेलं. "सांगणारा पण लागते कोणीतरी."

सोमवारी रुबीनाने शाळेत रजा कळवली आणि बापासोबत पुन्हा त्या खेड्यात गेली. गोपालने शेंड्याचा दुपट्टा अजून सोडला नव्हता.

अयूबभाईंनी उंबऱ्याशी तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि काही न बोलता अंगणात ओतलं. पाणी निघालं, चाललं, मोहाच्या मुळाशी गेलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. हात जोडले नाहीत की आवाज पाडला नाही. गिऱ्हाइकाला घडीतला बिघाड दाखवावा तसं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "चूक माझी झाली, बाई. काठी चुकीच्या जागी रोवली."

सुगंधाबाईचा चेहरा उतरला. "तुमी कायले आले भाऊ परत?" ती म्हणाली. "नसते आले तर?"

अयूबभाईंनी रिकामा तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि काठी उचलली.

काठी या वेळी अंगणातच रोवली, झाडाच्या सावलीच्या बाजूला, त्याच चढावर. पुन्हा ओळंबा, पुन्हा रेघ, पुन्हा ती वाट पाहणं. या वेळी चहा झाला नाही. सावली काल थांबली होती ती जागा ओलांडून गेली, तेव्हा सुगंधाबाईने डोळे मिटले. दुपट्ट्याची सावली भिंतीच्या पायाला टेकली. मग भिंतीवर चढली. काठीची सावली रेघेला लागली तेव्हा ती भिंतीवर एक वीत वर होती, आणि पांढऱ्या चुन्यावर हलत होती.

"पोचते," गोपाल म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं.

बगळा उडाला. गुणवंतरावांनी खोकून घसा साफ केला. सुगंधाबाई उठली. भिंतीपाशी गेली. त्या सावलीवर तिने हात पसरून ठेवला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. सावली तिच्या हातात मावली.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच," अयूबभाई म्हणाले.

"मंग पुरं झाड कायले पाडता? जेवढं भिंतीवर चढलं तेवढं तोड नं."

गोपाल आईकडे पाहतच राहिला. मग हसायला लागला. किती दिवसांनी तो त्या अंगणात हसला होता. "एक वीत कायले, बुढे," तो म्हणाला, "दोन हात तोडतो. म्हणजे तुझ्या नातवाची झोळी हलवा नाई लागन." तो त्याच दुपारी कुऱ्हाड घेऊन वर चढला. शेंडा पडला तो बोडीच्या बाजूला. दुपट्टा त्याच्यासोबतच खाली आला आणि सुगंधाबाईने तो झटकून मुलाच्या खांद्यावर टाकला.

सायकलवरून परत येताना रुबीना मागच्या कॅरिअरवर बसली होती, लहानपणी बसायची तशी. धानाच्या रिकाम्या बांध्या, त्यांच्या धुऱ्यांवरची सिंदीची झाडं, सगळ्यांच्या सावल्या लांब होऊन एकाच दिशेला निजल्या होत्या. तिच्या मनात येत होतं, की भीती असते तोपर्यंत झाड अख्खं पाडावं लागतं किंवा अख्खं ठेवावं लागतं. मोजलं की त्यातले दोन हात तोडता येतात. हे तिने बापाला म्हटलं नाही. ते पायडल मारत होते आणि धापत होते.

"अब्बा, उतरू का?"

"बस तू. उतार आहे आता."

त्या धापेकडे तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. पुढल्या हिवाळ्यात अयूबभाईंना जिना चढवेना. डॉक्टरांनी छातीचं सांगितलं, गोळ्या दिल्या, दुकान बंद ठेवायला लावलं. ते मागच्या पडवीत खाट टाकून राहू लागले, कारण तिथून सळई दिसायची. चाक ठेवायला मात्र ते रोज स्वतः उतरायचे. खुर्शीदा हात धरायची. मार्चच्या मध्यावर एका दुपारी त्यांनी चाक ठेवलं, आणि त्या संध्याकाळी, मगरिबच्या आधी, झोपेतच गेले.

चाक कोणीच हलवलं नाही. सावली त्याला सोडून सळईकडे गेली, मे महिन्यात नाहीशी झाली, पलीकडे फिरून आली. बिनसावलीच्या दिवशी खुर्शीदाने सरबत केलं, गल्लीतले लोक आले, उभ्या उभ्या प्यायले. पावसाने चाकावर हिरवट गंज चढला. सप्टेंबर संपत आला तेव्हा एका रविवारी रुबीना अंगणात उभी होती. सळईची सावली आखडत आली, थबकली, आणि तिचं टोक नेमकं त्या चाकावर पडलं. ती तिथेच उकिडवी बसली. सावली पुढे सरकेपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, पण ती पोंभुर्ण्याला दुपारनंतरच्या बसने गेली. जाण्याआधी तिने चाक उचललं, पुसलं आणि सावलीच्या नव्या टोकावर ठेवलं. आता आठवड्यातले सहा दिवस ते काम खुर्शीदा करते आणि रविवारी रुबीना.

अयूबभाईंच्या त्या शेवटच्या दुपारी सुगंधाबाई त्यांना पाहायला आली होती. फुलं पडायला लागली होती, तिने पदरात बांधून ओंजळभर आणली. ती अयूबभाईंच्या उशाशी ठेवली तेव्हा पडवीभर तो गोड, जड वास पसरला. झाडाला शेंड्याकडून दोन नव्या फांद्या फुटल्यात, गोपाल म्हणतो पुढल्या वर्षी पुन्हा मोजावं लागेल, असं ती सांगत होती. अयूबभाई डोळे मिटून ऐकत होते, चेहऱ्यावर थोडं हसू होतं. रुबीनाने चहा आणला. सुगंधाबाईने आपला कप घेतला आणि त्यांचा कप खाटेशेजारी, पडवीच्या कडेला ठेवायला वाकली.

अयूबभाईंनी डोळे उघडले.

"तिथी ठेवू नोका, बाई," ते म्हणाले. "तिथी उतार आहे."